अकरा खोकी कागद: रद्दी की संग्रह?

वाचकाचं पत्र: कॉलेजात असल्यापासून माझ्याकडून कागद टाकवत नाहीत. बसची, रेल्वेची, नाटक-सिनेमाची तिकिटं, दुकानांच्या पावत्या, चॉकलेटची वेष्टनं, काड्यापेट्यांवरची चित्रं, रस्त्यात हातात कोंबलेली जाहिरातपत्रकं, लग्नपत्रिका, रांगेच्या टोकनचिठ्ठ्या, औषधाच्या खोक्यात घडी घालून येणारी माहितीपत्रकंसुद्धा. अकरा खोकी भरली आहेत. त्यांतल्या सहांत नेमकं काय आहे ते आता मलाही सांगता येणार नाही. दोन महिन्यांनी आम्ही लहान घरात राहायला जाणार आहोत. नवरा म्हणतो, हा संग्रह नव्हे, हा आजार आहे. मुलगी म्हणते, सगळ्याचे फोटो काढ आणि कागद रद्दीत दे. परवा एक खोकं उघडलं तर कितीतरी पावत्या पार कोऱ्या झालेल्या. एका पावतीच्या मागे माझ्या आईने पेनने महिन्याचा हिशेब मांडला होता, तेवढा शाबूत आहे. एकेक कागद टाकायचा म्हटलं की जीव कासावीस होतो. काय ठेवू, काय टाकू, आणि जे ठेवेन ते टिकवू कसं?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आधी कोऱ्या पावत्यांचं बघू, कारण बाकीचं सगळं दोन महिने थांबू शकतं, हे थांबणार नाही. दुकानात, एटीएमवर मिळणाऱ्या त्या गुळगुळीत पावत्यांवर शाई नसतेच. कागदावर एका बिनरंगी द्रव्याचा आणि त्याला रंग आणणाऱ्या आम्लधर्मी रसायनाचा पातळ थर असतो. यंत्राचं तापलेलं टोक जिथे टेकतं तिथे हे दोन्ही वितळून एकमेकांत मिसळतात आणि काळं अक्षर उमटतं. ही क्रिया उलटही फिरते. ऊन, हाताचं तेल, सॅनिटायझरमधलं अल्कोहोल, चिकटपट्टीचा गोंद, या सगळ्यांनी अक्षर फिकं पडतं. सगळ्यांत जास्त नुकसान करतात ती मऊ पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटं. ते प्लास्टिक लवचीक राहावं म्हणून त्यात घातलेली द्रव्यं हळूहळू बाहेर येतात आणि पावतीवरचं अक्षर खाऊन टाकतात. तुम्ही या पावत्या नीट राहाव्यात म्हणून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातल्या असतील, तर त्या कोऱ्या होण्याचं कारण बहुधा तेच आहे.

एखादी पावती या जातीची आहे की साध्या कागदाची हे ओळखायचं असेल तर छापील बाजूच्या अगदी कडेला नखाने जोरात एक रेघ ओढा. घर्षणाच्या उष्णतेने करडी रेघ उमटली, तर ती थर्मल पावती. अशा सगळ्या पावत्या वेगळ्या काढा, फोल्डरमधून बाहेर घ्या आणि त्यांचे स्कॅन करा. महत्त्वाच्या असतील त्यांची साध्या कागदावर झेरॉक्स काढा. ती छपाई कागदावर पक्की बसते आणि मूळ पावतीपेक्षा खूप जास्त टिकते. मूळ पावत्या कागदी लिफाफ्यात, अंधारात आणि घरातल्या सगळ्यांत थंड जागी ठेवा. लॅमिनेशन चुकूनही करू नका, त्या यंत्राच्या उष्णतेने अख्खी पावती काळी ठिक्कर पडते. केस वाळवायच्या यंत्राने गरम केलं की उडालेली अक्षरं परत दिसतात, असाही उपाय कोणीतरी सुचवेल. तो करू नका. त्याऐवजी स्कॅन करून संगणकावर कॉन्ट्रास्ट वाढवून बघा. कोऱ्या वाटणाऱ्या बऱ्याच पावत्यांवर अक्षरांचा पुसट माग शिल्लक असतो. काम झालं की हात धुवा. या कागदांत बिस्फेनॉल गटातली रसायनं असू शकतात. त्यांतल्या बिस्फेनॉल-ए वर युरोपीय संघाने जानेवारी २०२० पासून कडक मर्यादा घातली आहे, ती उगीच नाही.

आईच्या हिशेबाची पावती या सगळ्यांच्या आधी घ्या. पेनच्या शाईचा त्या थराशी संबंध नाही म्हणून मागची बाजू शाबूत आहे. पण तो हिशेब कुठल्या महिन्याचा, कुठल्या वर्षाचा हे सांगणारी तारीख पुढच्या बाजूला छापलेली असते, आणि ती बाजू उडत चालली आहे. आज तारीख वाचता येत असेल तर आजच वेगळ्या चिठ्ठीवर लिहून त्या पावतीसोबत ठेवा. उडून गेली असेल तर तुमच्या आठवणीत आहे तेवढं लिहा: आई तेव्हा कुठे राहत होती, घरात कोण कोण होतं, हिशेबातली कुठली नावं कोणाची. हे आज फक्त तुम्हालाच लिहिता येईल.

मला तुम्हाला मुख्यतः हेच सांगायचं आहे, आणि ते अकराही खोक्यांना लागू आहे. तुमच्या कागदांचा खरा शत्रू रद्दी नाही. त्यांच्याबद्दल तुम्हाला जे ठाऊक आहे ते कुठेच लिहिलेलं नाही, हा त्यांचा खरा धोका आहे. सहा खोक्यांत काय आहे ते आठवत नाही असं तुम्ही लिहिलंत, म्हणजे अर्धा ऐवज आधीच हातातून निसटायला लागलाय, कागद जागच्या जागी असूनही.

लंडनमध्ये सतराव्या शतकात जॉर्ज थॉमसन नावाचा एक पुस्तकविक्रेता होता. १६४० साली, इंग्लंडमध्ये राजा आणि संसद यांच्यातला संघर्ष पेटत असताना, त्याने रस्त्यावर विकली जाणारी पत्रकं, चोपड्या, वार्तापत्रं जमा करायला सुरुवात केली आणि १६६१ पर्यंत तो थांबला नाही. बावीस हजारांहून जास्त कागद झाले. त्या काळी ही पत्रकं वाचून झाली की फेकून देण्याच्या लायकीचीच समजली जात. थॉमसनने एक साधी गोष्ट केली: पत्रक हातात आलं की त्याच्या मुखपृष्ठावर तो ती तारीख लिहून ठेवी. पत्रकावर छापलेलं असे फार तर वर्ष. थॉमसनच्या तारखेमुळे आज इतिहासकारांना त्या यादवी युद्धातल्या घटना आणि त्यांवर उठलेला गदारोळ दिवसादिवसाने जुळवता येतो. पुढे हा संग्रह राजा तिसऱ्या जॉर्जसाठी विकत घेतला गेला, १७६२ साली त्याने तो ब्रिटिश म्युझियमला दिला, आणि आज तो ब्रिटिश लायब्ररीत आहे. नुसती पत्रकं इतरांकडेही असतील. त्याच्या पत्रकांना मोल आलं ते हाताने लिहिलेल्या त्या तारखांमुळे.

आता नवऱ्याच्या 'आजार' या शब्दाकडे येते. घरात चिडून तो सहज वापरला जातो, पण साठवणुकीचा विकार हे खरोखरच एक निदान आहे. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने २०१३ साली डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र स्थान दिलं. वस्तूचं मोल काहीही असो, ती टाकणं सतत जड जाणं, टाकायच्या कल्पनेनेच तीव्र त्रास होणं, आणि त्यामुळे राहत्या खोल्या इतक्या भरून जाणं की त्यांचा वापरच करता येऊ नये, अशी त्याची ओळख आहे. तुमच्या घरात पलंगावर झोपता येत असेल, टेबलाशी बसता येत असेल, खोकी एका बाजूला रचलेली असतील, तर तेवढ्यावरून कोणी तुम्हाला आजारी म्हणू नये.

पण 'जीव कासावीस होतो' हे तुमचं वाक्य मला सोडून देता येत नाही. आईच्या हस्ताक्षराचा कागद टाकताना तसं होणं अगदी स्वाभाविक आहे. पूर्ण कोरी झालेली, कुठली ते न आठवणारी पावती टाकतानाही तितकंच होत असेल, त्यापायी झोप उडत असेल, घरच्यांपासून खोकी लपवावीशी वाटत असतील, तर मात्र समुपदेशकाशी किंवा मानसोपचारतज्ज्ञाशी बोला. बोलण्यावर आधारलेल्या उपचारांचा या त्रासात उपयोग होतो. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही, पण स्वतःला पारखायला एक प्रयोग करून बघा. अनोळखी झालेल्या त्या सहा खोक्यांपैकी एकातून डोळे मिटून मूठभर कागद काढा. त्यांतल्या कशाबद्दल काही सांगता येतं, आणि ज्यांच्याबद्दल काहीच सांगता येत नाही त्यांतला एखादा तरी सोडता येतो का ते बघा. सोडता आला, तर तुमचा हात निवड करायला तयार आहे.

नवऱ्याला दुसरंही काही सांगता येईल. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकस या प्राचीन शहराच्या जागी ग्रेनफेल आणि हंट हे दोन इंग्रज अभ्यासक १८९६ च्या हिवाळ्यापासून उकिरडे खणत होते. अक्षरशः उकिरडे: त्या शहराच्या लोकांनी शतकानुशतकं बाहेर नेऊन टाकलेला कचरा. त्यातून पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदाचे, लाखो तुकडे निघाले. प्राचीन कवींच्या हरवलेल्या ओळी सापडल्या म्हणून त्यांचं नाव झालं, पण बहुतेक तुकडे होते करांच्या पावत्या, खाजगी पत्रं, तक्रारअर्ज, करारनामे, जेवणाची आमंत्रणं. सामान्य माणसं कशी जगत होती हे राजांच्या शिलालेखांत नव्हतं, ते तिथे होतं.

याच इजिप्तमध्ये पुढे जॉन जॉन्सन नावाच्या तरुणाने पपायरससाठी खोदकाम केलं. त्या ढिगाऱ्यांकडे बघताना त्याच्या मनात आलं की हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांचा कचरा आपण इतक्या काळजीने गोळा करतो, मग आपल्याच काळाचा का नाही? तो पुढे ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाचा प्रमुख मुद्रक झाला आणि त्याने हाच ध्यास घेतला. जाहिराती, तिकिटं, किमतींच्या याद्या, शुभेच्छापत्रं, वेष्टनं, नाटकांची पत्रकं, जे जे छापून फेकलं जातं ते सगळं. त्याच्या नावाचा तो संग्रह १९६८ पासून ऑक्सफर्डच्याच बॉडलियन ग्रंथालयात आहे आणि त्यात पंधरा लाखांच्या घरात कागद आहेत.

तो एकटा नव्हता. निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्सची बहीण सारा सोफिया बँक्स अठराव्या शतकात भेटकार्डं, प्रवेशपत्रिका, दुकानांची कार्डं, बलूनच्या उड्डाणांची पत्रकं जमवत होती; १८१८ मध्ये ती गेली आणि तिचा संग्रह ब्रिटिश म्युझियममध्ये आला. अमेरिकेतल्या जेफरसन बर्डिकने व्यापारी आणि बेसबॉल कार्डांसारखे तीन लाखांहून जास्त कागद न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिले. संधिवाताने हात वाकडे झाले असताना ते स्वतः वह्यांत लावून पूर्ण केले १९६३ च्या जानेवारीत, आणि दोन महिन्यांनी तो गेला. लंडनमध्ये मॉरिस रिकर्ड्सने १९७५ साली अशा संग्राहकांची एफेमेरा सोसायटी काढली; एफेमेरा म्हणजे असे वापरून फेकायचे, अल्पायुषी कागद. रेडिंग विद्यापीठात १९९३ पासून या विषयाचं अभ्यासकेंद्र आहे. तुम्ही करताय ते काम करणाऱ्यांची परंपरा मोठी आणि प्रतिष्ठित आहे, हे घरात निःसंकोच सांगा.

मात्र परंपरेच्या नावाखाली अकराच्या अकरा खोकी नव्या घरात नेऊ नका. जॉन्सनच्या मागे विद्यापीठाची इमारत होती.

काय ठेवायचं याचा माझा स्पष्ट कल सांगते. जे दुसरं कोणीही ठेवत नाही ते आधी ठेवा. पुस्तकं आणि वृत्तपत्रं बहुतेक देशांत कायद्याने राष्ट्रीय ग्रंथालयात जमा होतात. बसचं तिकीट, रांगेची चिठ्ठी, गल्लीतल्या कार्यक्रमाचं पत्रक यांना तसा आधार नाही. त्यांच्यातही वापराची खूण असलेला कागद कोऱ्या करकरीत कागदापेक्षा मला जास्त मोलाचा वाटतो: टोचलेलं तिकीट, खिशात चार घड्या झालेलं पत्रक, छापील वेळ पेनने खोडून दुरुस्त केलेली निमंत्रणपत्रिका. २०२० साली महासाथीत दारांवर लागलेल्या 'अंतर ठेवा', 'आज बंद' अशा साध्या चिठ्ठ्या मिळवण्यासाठी कितीतरी संग्रहालयांनी लोकांना आवाहन केलं, कारण साथ सरली की त्या पहिल्या फाडल्या जाणार होत्या.

दुसरी गोष्ट, मालिका. एकच तिकीट हा एक कागद आहे. त्याच मार्गाची वीस वर्षांतली तिकिटं एका रांगेत ठेवली तर तिकिटाचा आकार कसा बदलला, छापील अंक जाऊन यंत्राचे ठिपके कधी आले, शेवटी कागदच कसा नाहीसा होत गेला हे बसल्या जागी दिसतं. अशा रांगा तुमच्या खोक्यांत नक्की असतील, त्या फोडू नका.

तुमच्याकडे जाड पुठ्ठ्याची जुनी रेल्वे तिकिटं असतील तर एखादं हातात घेऊन सावकाश बघा. साधारण ५७ मिलिमीटर लांब आणि ३० मिलिमीटर रुंद. हा आकार १८३० च्या दशकात इंग्लंडमध्ये थॉमस एडमंडसन या स्टेशनमास्तराने रूढ केला. तो मूळचा फर्निचर करणारा कारागीर. त्याआधी प्रत्येक प्रवाशासाठी हाताने चिठ्ठी लिहावी लागे, आणि किती विकल्या गेल्या याचा मेळ लागत नसे. त्याने तिकिटं आधीच छापून त्यांवर चढते क्रमांक घातले, म्हणजे शेवटचा क्रमांक बघून विक्रीचा हिशेब लागतो. तारीख ऐनवेळी यंत्रात दाबून उमटवायची. म्हणून तुमच्या तिकिटावर क्रमांक शाईचा आहे आणि तारीख मात्र खोलगट उमटलेली किंवा टोचलेली असण्याची शक्यता आहे. बोट फिरवलं तर कळेल. कडेला तिकीट तपासनिसाच्या चिमट्याचा छेद असेल, आणि काही ठिकाणी त्या छेदाचा आकारसुद्धा ठरलेला असे.

मुलीच्या 'फोटो काढ आणि टाक' या सल्ल्याला माझं उत्तर याच तिकिटात आहे. फोटोत अक्षरं येतील. पुठ्ठ्याची जाडी, दाबलेल्या तारखेचा खड्डा, मागची बाजू, कागदाचा पोत, हे येणार नाही. तरीही मुलीचं म्हणणं पूर्ण मोडीत काढू नका. थर्मल पावत्यांना तर स्कॅनशिवाय वाचवताच येत नाही, आणि जे कागद तुम्ही सोडणार आहात ते स्कॅन करून सोडले तर सोडणं सोपं जाईल. ती मदतीला बसणार असेल तर तिला हे काम द्या. बारीक छपाईसाठी स्कॅन ६०० डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके), एरवी ३०० पुरे. दोन्ही बाजू, आणि फाइलच्या नावात तारीख.

टाकायचं काय? एकाच पत्रकाच्या जादा प्रती; त्यातली एक स्वच्छ आणि एक वापरलेली ठेवली की झालं. कॉन्ट्रास्ट वाढवूनही कोऱ्याच राहिलेल्या पावत्या. औषधांची माहितीपत्रकं, जर तुमच्या घरातल्या कोणा आजारपणाशी त्यांचा संबंध नसेल तर. तो मजकूर दुसरीकडे मिळतो. बुरशी धरलेले कागद मास्क लावून बाहेर काढा, हवेशीर जागी वाळवा आणि अगदीच जीव की प्राण असतील तेवढे वेगळे ठेवून बाकीचे जाऊ द्या, नाहीतर ते शेजारच्यांनाही घेऊन जातील.

लग्नपत्रिकांचा मी वेगळा विचार केला. त्या सगळ्या ठेवाव्यात असं मला वाटतं. नावं, नाती, पत्ते, तारखा एका जागी देणारा असा कागद दुसरा नाही, आणि घराण्याचा माग काढणाऱ्याला पुढे कधीतरी तोच उपयोगी पडतो.

टिकवण्याचं म्हणाल तर आधी कागदाला लागलेलं सगळं परकं काढा. टाचण्या, स्टेपल आणि क्लिपा गंजतात आणि त्यांचा डाग कागदातून आरपार जातो. रबरबँड काही वर्षांत वितळून चिकटतो. चिकटपट्टीने फाटलेलं जोडू नका, तिचा गोंद पिवळा पडून तेलकट डाग सोडतो. ज्यांना पट्टी आधीच लागली आहे त्यांची ओढून काढायला जाऊ नका, फक्त वेगळी ठेवा. वहीत डिंकाने चिकटवणंही नको. बर्डिकने आपली कार्डं वह्यांत चिकटवली होती, आणि आज एवढ्या वह्यांतून कार्डाची मागची बाजू बघणं हे जतन करणाऱ्यांपुढचं मोठं काम होऊन बसतं. फोटोला लावतात तसे कोपरे वापरा, म्हणजे कागद कधीही बाहेर काढता येतो.

प्लास्टिकची पाकिटं घ्यायची तर पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीनची घ्या. नवीन रेनकोटसारखा उग्र वास येणारं पाकीट पीव्हीसीचं समजा आणि दुकानातच ठेवा. वृत्तपत्रांची कात्रणं बाकीच्यांपासून दूर ठेवा. तो कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यातलं लिग्निन हे लाकडातलं द्रव्य उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं, आणि त्यातली आम्लता शेजारच्या चांगल्या कागदाला तपकिरी करते. वेष्टनं आतून कोरड्या मऊ कापडाने पुसून घ्या, गोडाचा किंवा तेलाचा अंश राहिला तर कसर आणि झुरळं पाठोपाठ येतात. डांबरगोळ्यांवर भिस्त ठेवू नका. त्यांची वाफ आपल्यालाच बाधते आणि ओल तर जातच नाही. ओल हाच मूळ प्रश्न आहे. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला वाव मिळतो. तेव्हा बाहेरच्या भिंतीला टेकून नको, न्हाणीघराशेजारी नको, छताखालच्या तापणाऱ्या माळ्यावर नको. घरातल्या आतल्या भिंतीचं कपाट, जमिनीपासून जरा उंच.

आणि प्रत्येक कागदाच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने तीन-चार शब्द. कुठे मिळाला, कधी, सोबत कोण होतं, का ठेवला. पेन नको, ती शाई पुढे फुटते. लिहिताना कागद कडक आणि सपाट पृष्ठभागावर पालथा करून ठेवा, हात हलका, म्हणजे पुढे वळ उमटत नाहीत. गुळगुळीत कागदावर पेन्सिल चालत नाही, त्यासाठी शेजारी चिठ्ठी ठेवा. थर्मल पावत्यांचंही तेच, लिफाफ्यावर लिहा. तारीख नक्की आठवत नसेल तर 'त्या वर्षीचा पावसाळा', 'मुलगी पहिलीत असताना' असं लिहिलं तरी चालेल, अंदाज आहे हे मात्र नमूद करा. खोटी अचूकता नको.

एका गोष्टीकडे संग्राहकांचं दुर्लक्ष होतं, म्हणून आवर्जून सांगते. तुमच्या खोक्यांत इतरांची माहिती आहे: नावं, फोन, खातेक्रमांक, दवाखान्याचे कागद. हे रद्दीत टाकताना बारीक फाडून टाका. संग्रहातले कागद कुठे दाखवायचे झाले तर तेवढा भाग झाका. विमानाच्या बोर्डिंग पासचा फोटो तर तसाच कुठेही टाकू नका. त्यावरच्या बारकोडमध्ये प्रवाशाचं नाव आणि आरक्षणाचा क्रमांक असतो, आणि तो फोनवरही वाचता येतो.

आता घर बदलण्याचं. दोन महिन्यांत अकरा खोकी चाळून होणार नाहीत, आणि सामान बांधायच्या घाईत घेतलेले निर्णय तुम्हाला पुढे बोचतील. म्हणून नवऱ्याशी वाद घालण्याऐवजी करार करा. ज्या पाच खोक्यांत काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे ती जशीच्या तशी बांधा. उरलेली सहा आत्ता चाळायला घ्या, रोज थोडा वेळ, आणि ज्या कागदाबद्दल तुम्हाला स्वतःला एक ओळही लिहिता येत नाही, जो कुठल्या मालिकेतही बसत नाही, तो सोडा. नव्या घरात एक कपाट तुमचं, त्याच्या बाहेर एकही कागद नाही, हे तुम्ही कबूल करा. त्या कपाटाबद्दल पुन्हा कोणी 'आजार' म्हणायचं नाही, हे त्यांनी कबूल करावं. नवीन काही घ्यायचं झालं तर त्यातलं काहीतरी बाहेर जाईल. मर्यादा जागेची घालून घेतली की निवड आपोआप कडक होते, आणि निवडीनेच संग्रह सुधारतो.

एखादी मालिका चांगली जमली आणि ती एखाद्या संग्रहालयाला किंवा ग्रंथालयाला द्यावीशी वाटली, तर खोकं उचलून दारात नेऊन ठेवू नका. आधी पत्र लिहा: विषय काय, कुठल्या वर्षांपासून कुठल्या वर्षांपर्यंत, साधारण किती कागद, अवस्था कशी, सोबत दोन-चार नमुन्यांचे फोटो. मिसळलेलं खोकं बहुतेक ठिकाणी नाकारतात, कारण ते वेचायला त्यांच्याकडे माणसं नसतात. मागे नोंदी असलेली एकाच विषयाची मालिका मात्र त्यांना दुसरीकडे सहसा मिळत नाही.

आणि कपाटाच्या आतल्या बाजूला, मुलीला सापडेल असं, एक पान लावून ठेवा. कुठल्या खोक्यात काय आहे, त्यातलं मोलाचं काय आणि का, कोणाला विचारावं, आणि तुमच्यानंतर कुठलं खोकं तिने जिवाला लावून न घेता टाकून दिलं तरी चालेल, हेही त्यावर तुमच्या अक्षरात लिहा.